डमडमची तबकडी आणि गाणे पुन्हा गाण्याचा हक्क

ग्रामोफोन कंपनीने 1928 मध्ये कोलकात्याच्या उत्तरेला, जेसोर रस्त्यावर डमडम येथे तबकड्यांचा नवा कारखाना सुरू केला. तोवर हे गाव बंगाल तोफखान्याची जुनी छावणी म्हणून आणि तिथल्या शस्त्रशाळेत 1890च्या दशकात तयार झालेल्या, शरीरात शिरताच पसरणाऱ्या गोळीमुळे जगाला माहीत होते. पुढची चाळीसहून अधिक वर्षे भारतात विकल्या गेलेल्या बहुसंख्य ध्वनिमुद्रिका याच कारखान्यातून बाहेर पडल्या. गाणे मुंबईत गायलेले असो, लाहोरला असो की मद्रासला, त्याची तबकडी डमडमला दाबली जाई. त्यामुळे एकदा मुद्रित झालेले गाणे दुसऱ्या कलावंताने पुन्हा गावे का, गायले तर कोणाला विचारावे आणि त्यात किती बदल करावा, या प्रश्नांचा भारतातला इतिहास बऱ्याच अंशी या कारखान्याच्या अवतीभवती घडला.

कारखान्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक 1902 च्या अखेरीस कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानसह अनेक गायिकांचे आवाज घेतले. त्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होऊन बोटीने परत येत. 1908 मध्ये सियालदहजवळ बेलियाघाटा रस्त्यावर पहिला कारखाना उभा राहिला आणि हा फेरा थांबला. तबकडीला लागणारी लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून मिळत असल्याने बंगाल ही त्यासाठी सोयीची जागा होती. मागणी वाढली तशी सियालदहची जागा अपुरी पडली आणि काम डमडमला गेले.

गाण्यावरच्या मालकीचे मूळ तबकडी बनवण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. गायक मेणाच्या जाड चकतीवर गात असे. त्या मेणावर विद्युत्‌प्रक्रियेने धातूचा थर चढवून उलटा साचा काढत, त्यावरून दुसरा सुलटा साचा घेत आणि त्यावरून दाबयंत्रात बसवायचे साचे तयार करत. तापवून मऊ केलेला लाखेचा गोळा या साच्यांमध्ये दाबला की तबकडी तयार होई. मूळ साचा जपून ठेवला तर वीस वर्षांनीसुद्धा त्याच गाण्याच्या नव्या प्रती काढता येत. कंपनीची खरी मालमत्ता हे साचेच होते, आणि कायद्यानेही त्यांनाच महत्त्व दिले. इंग्लंडचा 1911 चा कॉपीराइट कायदा 1914 च्या अधिनियमाने काही फेरफारांसह भारताला लागू झाला. या कायद्यानुसार तबकडीवरचा स्वामित्वहक्क पन्नास वर्षांचा होता, आणि तबकडीचा ‘कर्ता’ म्हणजे मूळ साचा तयार झाला त्या वेळी ज्याच्या मालकीचा होता तो. गाणारी बाई, साथीचा सारंगिया, तबलजी यांना त्यात जागा नव्हती. गायिकेला मानधन मिळे आणि हक्क कंपनीकडे राही. 1957 च्या भारतीय कायद्यातही ही व्याख्या जवळजवळ तशीच उतरली. कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला तो 1994 च्या दुरुस्तीने. म्हणजे गौहर जानच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर नऊ दशकांहून अधिक काळ भारतीय गायक स्वतःच्या मुद्रित आवाजाचा कायदेशीर धनी नव्हता.

त्याच 1911 च्या कायद्यात पुन्हा गाणाऱ्यांसाठी एक दारही ठेवलेले होते. एखाद्या रचनेची तबकडी मालकाच्या संमतीने एकदा निघाली की, दुसऱ्या कोणालाही तीच रचना नव्याने मुद्रित करता येई. अटी तीन होत्या. आधी नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि रचनेत गरजेपेक्षा जास्त बदल करायचा नाही. रॉयल्टीचा दर सुरुवातीला विक्रीच्या किमतीच्या अडीच टक्के आणि नंतर पाच टक्के होता. येथे दोन हक्कांत फरक केला होता, आणि पुढचे सगळे वाद समजण्यासाठी तो ध्यानात ठेवावा लागतो. शब्द आणि चाल ही एक मालमत्ता, तर विशिष्ट दिवशी विशिष्ट गळ्यातून निघून साच्यात उतरलेला नाद ही दुसरी. नव्या गायकाने तेच गाणे गायले तर पहिल्या मालमत्तेचा वापर होतो. जुन्या तबकडीतला तुकडा उचलून नव्या तालावर बसवला तर दोन्हींचा होतो. रॉयल्टी भरून मिळणारी मुभा फक्त पहिल्या प्रकारासाठी होती.

ही चौकट इंग्लंडमधल्या संगीत-प्रकाशकांच्या आणि तबकडी-कारखानदारांच्या भांडणातून आली होती. भारतीय संगीत त्या वेळी वेगळ्याच वहिवाटीवर चालत होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे 1880 पासून, मराठी संगीत नाटकांच्या छापील संहितांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ती कोणत्या जुन्या पदावरून, लावणीवरून किंवा कानडी गाण्यावरून घेतली हे नोंदवलेले असे. घेणाऱ्याला त्यात काही लपवावेसे वाटत नव्हते आणि मूळ चालीचा मालक म्हणून कोणी बिल पाठवत नव्हते. ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या आणि त्या पुढे मराठी कानाला घरच्याच वाटू लागल्या. बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी स्कॉटिश लोकगीतांच्या चालींवर बंगाली गाणी बांधली. गगन हरकरा या बाउल गायकाच्या चालीवर त्यांनी रचलेले गाणे आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत आहे. ख्यालगायकीत तर एकच बंदिश प्रत्येक घराण्यात, आणि प्रत्येक मैफलीतही, नव्याने उभी राहते. जिथे गाणे पुन्हा गाणे हीच संगीताची रीत होती, तिथे ‘गरजेपेक्षा जास्त बदल नको’ ही अट आली. तबकडीच्या जगात ती अट पाळली गेली, मैफलीत आणि रंगभूमीवर तिची कोणी फिकीर केली नाही.

तबकडीच्या धंद्यातही पुनर्गायन सुरुवातीपासून होते, मात्र ते कंपनीच्या पदराखाली चाले. ‘ट्विन’ या स्वस्त छापाखाली गाजलेली गाणी कमी मानधनाच्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतली जात. बोलपटांच्या पहिल्या दशकात पडद्यावर एकाचा आवाज आणि तबकडीवर दुसऱ्याचा, असे सर्रास होई, कारण चित्रपटाच्या फितीवरचा आवाज थेट साच्यात उतरवण्याची रीत रुळलेली नव्हती. ‘महल’ (1949) मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. गायकाचे नाव हा व्यापाराचा तपशील होता, हक्काचा नव्हे. लताबाईंनी पुढे 1960च्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, तेव्हा महंमद रफींशी त्यांचे मतभेद झाले आणि काही काळ दोघांनी एकत्र गाणे बंद केले. त्या भांडणाच्या मुळाशी कायद्यातली हीच उणीव होती.

पुन्हा गाण्यावरचे सर्वांत कडक नियंत्रण बंगालमध्ये सरकारने किंवा कंपनीने नव्हे, तर रवींद्रनाथांच्या विश्वभारती या विद्यापीठाने घातले. रवींद्रनाथांनी स्वतः अगदी आडमुठेपणा केला नव्हता. पंकज मल्लिक यांनी त्यांच्या एका कवितेला स्वतःची चाल लावली, तेव्हा कवीने तिला मान्यता दिली आणि ते गाणे प्रमथेश बरुआंच्या ‘मुक्ति’ (1937) या चित्रपटात गाजले. 7 ऑगस्ट 1941 रोजी रवींद्रनाथ गेले आणि स्वामित्वहक्क विश्वभारतीकडे राहिला. रवींद्रसंगीताची, म्हणजे त्यांच्या गाण्यांची, तबकडी बाजारात येण्याआधी विश्वभारतीच्या संगीत समितीची मान्यता लागू लागली. देवव्रत विश्वास हे त्या काळातले अत्यंत लोकप्रिय रवींद्रसंगीत-गायक. 1960च्या दशकात त्यांच्या गाण्यांतला वाद्यमेळ आणि गाण्याची ढब समितीला खटकू लागली, मुद्रणे अडकू लागली. 1970च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रवींद्रसंगीताची नवी ध्वनिमुद्रणे देणे थांबवले आणि आपली बाजू ‘ब्रात्यजनेर रुद्धसंगीत’ या आत्मकथनात मांडली. 1980 मध्ये ते वारले. त्यांनी गाण्याचा एक शब्द बदलला नव्हता, स्वरलिपीही टाकून दिली नव्हती. वाद होता तो साथीला कोणती वाद्ये असावीत आणि भाव किती उघड असावा यावर. स्वामित्वहक्क हा पैशाचा हक्क म्हणून जन्मला, पण धन्याने ठरवले तर तो अभिरुचीचा पहारेकरीही होऊ शकतो, आणि या प्रकरणात त्याने एका मोठ्या गायकाची उमेदीची वर्षे वाया घालवली.

रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपायचा होता. त्याआधी अध्यादेश काढून आणि मग 1992 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारने मुदत पन्नासऐवजी साठ वर्षांची केली. एका कवीसाठी सुरू झालेल्या या बदलाचा लाभ देशातल्या प्रत्येक लेखकाला, संगीतकाराला आणि ध्वनिमुद्रण-कंपनीला मिळाला. डमडमच्या जुन्या साच्यांनाही दहा वर्षे वाढवून मिळाली. 2001 च्या अखेरीस रवींद्रसंगीत मोकळे झाले. काही वर्षांतच ‘द बाँग कनेक्शन’ या चित्रपटात त्यांतले एक गाणे नव्या वाद्यमेळात आणि नव्या शब्दांची भर घालून आले. बंगालमध्ये त्यावर वादळ उठले, पण ते गाणे थांबवणारा धनी आता उरला नव्हता.

1957 च्या कायद्याच्या कलम 52(1)(ञ) मध्ये पुनर्मुद्रणाची जुनी मुभा कायम राहिली. तीन दशके तिचा फारसा वापर झाला नाही, कारण दाबयंत्रे ज्याच्याकडे त्याच्याशी स्पर्धा करणे इतरांना परवडत नव्हते. कॅसेटने हा अडसर दूर केला. कॅसेटच्या प्रती काढायला डमडमसारखा कारखाना लागत नाही, एका खोलीत यंत्रे मांडून ते काम होते. 1983 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या गुलशनकुमारांच्या टी-सिरीजने हे कलम हाती घेतले. एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, ताब्यातली जुनी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची, नोटीस आणि रॉयल्टी पाठवायची आणि कॅसेट मूळ कंपनीपेक्षा कितीतरी स्वस्तात विकायची, ही त्यांची पद्धत होती. व्यापारात याला ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ म्हणत. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी गायली, कोलकात्याच्या कुमार सानूंनी किशोरकुमारांची, सोनू निगम यांनी रफींची. सानू आणि सोनू यांचे गायक म्हणून घडणे याच कामातून झाले. मूळ तबकडीशी तुलना केली तर या कॅसेटींतले वाद्यवृंद बऱ्याचदा तोकडे वाटतात. पण ज्या घरांत ग्रामोफोन कधी पोहोचला नव्हता तिथे ही गाणी प्रथमच विकत घेऊन ऐकली गेली, हेही तितकेच खरे. बंगालमध्येही 1990च्या दशकात जुनी आधुनिक गाणी पुन्हा गाण्याची लाट आली आणि इंद्रनील सेन यांच्या ‘दूरेर बलाका’ या मालिकेने ती घरोघरी नेली.

संघर्ष न्यायालयात गेला तो ‘हम आपके हैं कौन’वरून. या चित्रपटाच्या गाण्यांचे हक्क ग्रामोफोन कंपनीने राजश्री प्रॉडक्शन्सकडून घेतले होते आणि तिने 55 लाख कॅसेट विकल्या होत्या. टी-सिरीजची कंपनी सुपर कॅसेट्स हिने त्याच गाण्यांची आपली कॅसेट काढली. नाव तेच, वेष्टनाची ठेवण तशीच, आणि वर सलमान खान व माधुरी दीक्षित यांचे चित्र. दिल्ली उच्च न्यायालयाने 1995 मध्ये पुनर्गायनाची मुभा नाकारली नाही. मात्र चित्रपटाचे नाव, ती छायाचित्रे आणि तसे वेष्टन वापरण्यास मनाई केली, आणि ही गाणी मूळ ध्वनिमुद्रण नसून इतर गायकांनी गायलेली आहेत असे ठळक अक्षरांत छापायला लावले. गाणाऱ्याला गाऊ द्यावे पण ग्राहकाला फसवू देऊ नये, हा या निकालाचा गाभा होता आणि तो न्याय्य होता. 1994 च्या दुरुस्तीनेही वेष्टनाबाबत असेच बंधन घातले, शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर दोन वर्षे थांबण्याची अट आणली.

पुढचे पाऊल रिमिक्सचे. लता मंगेशकरांनी ‘समाधी’ (1972) साठी गायलेले एक गाणे 2002 मध्ये नव्या आवाजात, नव्या तालावर आणि धीट दृश्यफितीसह आले, आणि मूळ गाणे न ऐकलेल्या पिढीने ते डोक्यावर घेतले. संगीतकार आणि गायक संतापले. लताबाईंनी उघडपणे नापसंती व्यक्त केली. कायद्याच्या नजरेने पाहिले तर बदल किती चालतो हे कलमात धूसर होते आणि रिमिक्स करणारे त्या धूसरतेचाच आधार घेत होते.

डमडमच्या तबकड्यांतले तुकडे याच सुमारास अमेरिकेत पोहोचले. 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात बप्पी लाहिरींनी ‘ज्योती’ (1981) साठी बांधलेल्या, लताबाईंच्या आवाजातल्या गाण्याचा मोठा भाग विनापरवाना वापरला गेला. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींचे नाव दिल्याशिवाय ते गाणे विकू नये असा आदेश दिला. दुसऱ्या खटल्याचा शेवट उलटा झाला. ‘आराधना’ (1969) मधल्या गाण्याचा जेमतेम सेकंदभराचा तुकडा टिंबालँड या निर्मात्याने एका रॅप गाण्यात घेतला. ग्रामोफोन कंपनीचे नाव 2000 पासून सारेगामा झाले होते. तिने दावा लावला. अमेरिकी अपील न्यायालयाने 2011 मध्ये ठरवले की चित्रपटाच्या निर्मात्या शक्ती फिल्म्सशी झालेल्या 1967 च्या करारानुसार कंपनीचा अनन्य हक्क दोनच वर्षांचा होता. चाळीस वर्षे जो हक्क गृहीत धरला गेला, तो करार वाचल्यावर टिकला नाही. जुन्या भारतीय गाण्यांचे करार किती विसविशीत होते आणि ते कोणी तपासलेच नव्हते, हे या निकालाने दाखवले.

करारांच्या बाजूने गीतकार-संगीतकारांची स्थिती त्याहून वाईट होती. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात, चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता असतो असा निर्णय दिला होता. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर केलेल्या पाठपुराव्यानंतर 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटा रचनाकारांकडून काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीने कलम 52(1)(ञ) काढून टाकले आणि ‘कव्हर व्हर्जन’साठी कलम 31ग आणले. आता मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते. दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. कमी प्रसार असलेल्या भाषांसाठी हा आकडा खाली आणता येतो. जुन्या गायकाचे नाव वा चित्र वेष्टनावर चालत नाही. आणि तांत्रिक गरज नसलेला कोणताही बदल संमतीशिवाय करता येत नाही. ही मुभा केवळ ध्वनिमुद्रणापुरती आहे. पुण्यातल्या एखाद्या मुलीने जुने भावगीत गिटारवर गाऊन त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली, तर तिला हे कलम पुरत नाही.

रिमिक्सला आळा घालणे हा या बदलाचा उघड हेतू होता. घडले ते वेगळेच. बाहेरच्या कलावंताचा मार्ग बंद झाला, पण ज्यांच्याकडे जुन्या गाण्यांचे हक्क आहेत त्या कंपन्यांना आपल्याच गाण्यांचे नवे अवतार काढायला कोणाची आडकाठी राहिली नाही. 2017 नंतर हिंदी चित्रपटांत अशा पुनर्निर्मित गाण्यांचा सुकाळ झाला. 2020 मध्ये ‘मसकली’ या गाण्याचा नवा अवतार आला, तेव्हा मूळ संगीतकार ए. आर. रहमान यांनाही नाराजी जाहीर करण्यापलीकडे काही करता आले नाही. मूळ रचनाकारच नवा अवतार घडवतात तेव्हा मामला निराळा असतो. अजय-अतुल यांनी ‘जत्रा’ (2006) मधल्या आपल्या गाण्याची चाल ‘अग्निपथ’ (2012) साठी हिंदीत नेली, ती त्यांनी स्वतः.

मंचावर गाणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. वाद्यवृंद जुनी गाणी सादर करतो तेव्हा रचनांसाठी परवाना लागतो, आणि मुद्रित गाणे वाजवायचे असेल तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांचाही. धार्मिक विधी आणि लग्नसमारंभ यांना कलम 52(1)(यक) नुसार सूट आहे. ही सूट किती ताणायची यावर गोव्यात वाद झाला. राज्य सरकारने जानेवारी 2024 मध्ये या सुटीविषयी काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले.

डमडमच्या मालमत्तेचा मोठा भाग आता मुदतीबाहेर गेला आहे. प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा हिशेब धरला तर 1960च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या तबकड्यांतला नाद कोणीही वापरू शकतो. शब्द आणि चाल मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे बांधलेली राहतात. काजी नझरुल इस्लाम 1928 पासून ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी लिहीत आणि गायकांना शिकवत होते. आपल्या शब्दांना कमल दासगुप्तांसारख्यांनी चाली लावलेल्या त्यांना चालत. त्यांचे तुरुंगाच्या लोखंडी दारावरचे गाणे 1924 च्या ‘भांगार गान’ या बंदी आलेल्या संग्रहात आहे आणि 1949 मध्ये गिरीन चक्रवर्तींच्या आवाजात त्याची तबकडी निघाली. त्या तबकडीवरचा हक्क केव्हाच संपला. पण ‘पिप्पा’ (2023) या चित्रपटासाठी रहमान यांनी त्या शब्दांना नवी चाल दिली, तेव्हा बंगाल आणि बांगलादेश दोन्हीकडून निषेध उठला. निर्मात्यांनी नझरुलच्या वारसांकडून परवानगी घेतलेली होती. परवानगी गाण्याची होती, चाल बदलण्याची नव्हती, असे कुटुंबाने सांगितले आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. नझरुल 1976 मध्ये वारले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा आणि चालींवरचा हक्क 2036 च्या अखेरपर्यंत चालू राहील.